हात दाखवून अवलक्षण

मूल चालायला लागण्याच्या आधीच, सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास, त्याच्या अंगात एक प्रतिक्रिया उतरते. त्याला पोटाशी धरून एकदम खाली झुकवलं की ते दोन्ही हात पुढे टाकतं आणि बोटं फाकवतं. बालरोगतज्ज्ञ हे मुद्दाम करून बघतात. तान्हेपणीच्या इतर बऱ्याच प्रतिक्रिया पुढे विरून जातात, ही मात्र जन्मभर सोबत राहते. त्यामुळे दुचाकीवरून पडणारा माणूस वीस वर्षांचा सराव असलेला असो की कालच परवाना मिळालेला, जमीन समोर आली की तो तळहात पुढे करतोच. ‘हात पोटाशी घ्यावेत’ हा सल्ला खुर्चीत बसून द्यायला बरा असतो. पडायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही, आणि तेवढ्यात सल्ला आठवत नाही. हात टेकणारच, हे धरून मनगट वाचवणारा हातमोजा कसा निवडावा, ते इथे बघायचं आहे. ज्योतिषाला हात दाखवणाऱ्याबद्दल आपल्याकडे जी म्हण आहे, ती रस्त्याला हात दाखवणाऱ्याला अधिक लागू पडते.

गोव्यात अशी संधी बारा महिने मिळते. मृगाच्या पहिल्या सरीत डांबरावरचं तेल वर येतं. त्याच सुमारास झाडाखाली जांभळांचा चिखल झालेला असतो. चिऱ्यांच्या ट्रकमधून पडलेली तांबडी खडी नेमकी वळणावर साचते, मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी उतारावर ओघळतं, आणि किनाऱ्याकडच्या गल्ल्यांत वाऱ्याने आलेली वाळू डांबराच्याच रंगाची वाटते. पण सगळ्यांत फसवी जागा म्हणजे फेरीबोटीचा धक्का. रायबंदरहून चोडणला जाताना ओहोटीच्या वेळी बघा. उताराचा वरचा भाग कोरडा असतो, खालचा पट्टा हिरवट आणि शेवाळलेला. बोटीची फळी टेकते, पुढच्या स्कूटर एकदम सुटतात, फळीवरून सिमेंटवर उतरताना कुणाच्या तरी हातून पुढचा ब्रेक दाबला जातो आणि चाक बाजूला सरकतं. वेग चालण्याएवढाच असतो. गाडी आडवी होते, माणूस हात टेकतो. कपडे माखतात, आजूबाजूचे हसतात, पडलेलाही हसतो. मनगट वळत नाही हे दुसऱ्या दिवशी पेला उचलताना कळतं.

इतक्या कमी वेगात मनगट का जातं? कारण पडण्याचा वेग आणि गाडीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण एक मीटर उंचीवरून खाली आलेलं शरीर जमिनीला भिडतं तेव्हा त्याचा खालच्या दिशेचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असो की साठच्या वेगात, हा आकडा फारसा बदलत नाही. गाडीच्या वेगाने भर पडते ती आडव्या दिशेची. तळहात रस्त्याला चिकटतो, थांबतो, मागून येणारं शरीर मात्र पुढेच जात राहतं, आणि या दोघांच्या मधला सांधा म्हणजे मनगट. चांगलं मनगट मागे साधारण सत्तर अंशांपर्यंत वळतं. शरीराचा भार त्याला नव्वदीच्या पलीकडे नेतो तेव्हा आतलं काहीतरी तुटतं: कधी अस्थिबंध, कधी कोपरापासून येणाऱ्या रेडियस हाडाचं टोक, कधी मनगटातलं एक छोटं हाड.

म्हणून मनगटाचा विचार करून बनवलेल्या हातमोज्याला दोन कामं करावी लागतात. खालून येणारा मार थोडा शोषून घ्यायचा, आणि आडव्या दिशेला हात अडकू न देता घसरू द्यायचा. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि दुकानात त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्या छोट्या हाडाबद्दल थोडं सांगायला हवं. मनगटात आठ हाडं असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला वैद्यकात स्कॅफॉइड म्हणतात; ग्रीक भाषेतल्या होडीवरून हे नाव आलं, म्हणून मराठीत ते नौकाकृती हाड. मनगटातल्या आठ हाडांपैकी मोडतं ते बहुतेक वेळा हेच. अंगठा वर ताणून धरला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो. तपकीर ओढणारे जुने लोक चिमूट तिथे ठेवायचे, आणि इंग्रजी वैद्यकातही त्या खळग्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. स्कॅफॉइड त्या खळग्याच्या तळाशी असतं. या हाडाला रक्त मिळतं ते मुख्यतः बोटांकडच्या टोकातून, उलट दिशेने. मधोमध मोडलं तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळायला महिने लागतात, किंवा ते जुळतच नाही आणि तुकडा मरतो. शिवाय पहिल्या एक्स-रेमध्ये ही भेग अनेकदा दिसत नाही. ‘फक्त मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेजवर महिना काढलेली कितीतरी मनगटं अशी असतात.

आता हात उताणा करा. हस्तसामुद्रिकवाले अंगठ्याखालच्या मांसल भागाला शुक्राचा उंचवटा म्हणतात, करंगळीच्या बाजूने खाली येणाऱ्या भागाला चंद्राचा, आणि मनगटावरच्या आडव्या रेषांना मणिबंध. भविष्याचं काय ते ज्याचं त्याने बघावं, पण हातमोजा निवडायला हा नकाशा फार सोयीचा आहे. पडताना रस्त्याला आधी भिडतात ते हेच दोन उंचवटे, मणिबंधाच्या अगदी वरचे. शुक्राच्या उंचवट्याच्या तळाशी, मणिबंधाला लागून, स्कॅफॉइडची गाठ हाताला लागते. हातमोज्याचं सगळं शहाणपण या चार बोटं रुंदीच्या जागेत दिसायला हवं.

दुकानात नेमकं उलट चालतं. हातमोजे पालथे टांगलेले असतात. वर दिसतं ते बोटांच्या सांध्यांवरचं कार्बन फायबरचं किंवा टणक प्लॅस्टिकचं कवच. चकचकीत आणि चिलखतासारखं असल्याने तेच खपतं. ते निरुपयोगी नाही. झाडाची फांदी, समोरच्या गाडीचा आरसा, उडालेला दगड यांना ते उपयोगी पडतं. पण हात टेकतो तो तळव्याकडून. म्हणून पहिली गोष्ट: हातमोजा खुंटीवरून काढला की पालथ्याचा उताणा करायचा आणि मगच किंमत विचारायची.

उताण्या बाजूला काय शोधायचं? मणिबंधाजवळ टणक, गुळगुळीत तुकडा. त्याला सगळे पाम स्लायडर म्हणतात. तो चांगल्या दर्जाच्या टीपीयू प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या खाली मऊ गादी असते. बोटाने दाबली तर गादी दबून हळूहळू वर यायला हवी. झटकन उसळणारा स्पंज मार घेत नाही. ब्रिटनच्या नॉक्स कंपनीने याच कामासाठी स्कॅफॉइड प्रोटेक्शन सिस्टिम नावाची रचना केली. तळहाताच्या बुडाशी दोन स्वतंत्र गुळगुळीत तुकडे बसवायचे, म्हणजे हात डांबर पकडणार नाही, त्यावरून सरकेल. हीच कल्पना आता अनेक कंपन्यांच्या हातमोज्यांत वेगवेगळ्या नावांनी दिसते, भारतीय हातमोज्यांतही. पण बरेच उत्पादक एकच स्लायडर लावतात, तोही चंद्राच्या बाजूला, कारण तिथे तो मुठीच्या आड येत नाही आणि शिवायला सोपा पडतो. चंद्राची बाजू झाकली हे चांगलंच, पण स्कॅफॉइड शुक्राच्या बाजूला आहे. दोन्हीकडे स्लायडर असलेला हातमोजा मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्लायडर कसा बसवलाय तेही बघा. नुसता गोंदाने चिकटवलेला असेल तर आपल्या हवेत, मेमधल्या डिकीच्या उष्णतेत आणि जुलैच्या दमटपणात, वर्षभरात त्याची कड सुटायला लागते. चामड्याच्या चौकटीत धरून चारही बाजूंनी शिवलेला स्लायडर टिकतो. शिवण स्लायडरच्या पातळीपेक्षा खाली दबलेली हवी. ती वर उठून आली असेल तर घासल्याबरोबर दोरा तुटतो आणि स्लायडर रस्त्यावर राहतो. काही जुन्या घडणीच्या हातमोज्यांत तळव्यावर धातूचे रिबिट ठोकलेले असतात. ते घसरतात खरे, पण तापतात आणि सगळा मार एकेका बिंदूवर घेतात. रबराची ठिपकेदार पकड किंवा सिलिकॉनची नक्षी थेट मणिबंधाजवळ आणून ठेवली असेल तर तो हातमोजा खाली ठेवावा. बोटांना आणि तळव्याच्या मध्याला मुठीवर पकड हवी असते, बुडाला घसरण. या दोघांची अदलाबदल करणारा कारागीर गाडी चालवत नसावा.

तपासायचंच असेल तर एक साधी रीत आहे. हातमोजा घालून पट्टा लावायचा, खरखरीत कडाप्प्यावर किंवा सिमेंटच्या पायरीवर गुडघे टेकून बसायचं, तळहाताचं बूड टेकवून हलकासा भार द्यायचा आणि हात पुढे ढकलायचा. स्लायडर नीट जागी असेल तर हात कुरकुरत पुढे सरकतो. चामडंच टेकत असेल तर हात अडतो आणि मनगटात ताण जाणवतो. हा ताण मंद गतीने, फुकटात अनुभवायला मिळालेला अपघातच असतो. न घेतलेल्या हातमोज्यावर ओरखडे काढायला दुकानदार अर्थातच देणार नाही. घरी जुना असेल तर त्याच्यावर करून बघा, फरक लगेच कळतो.

स्लायडर कितीही उत्तम असला तरी हातमोजा हातात राहिला तर त्याचा उपयोग. आणि इथे सगळा खेळ मनगटाच्या पट्ट्याचा आहे.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला, पाठीवर, एक हाड गोटीसारखं वर येतं. ते अल्ना हाडाचं टोक. त्याच्या आणि पंजाच्या मध्ये एक बारीक खाच आहे. मनगटाचा सर्वांत अरुंद भाग तिथेच असतो. पट्टा त्या खाचेत बसला पाहिजे. गोटीच्या वर, कोपराकडे सरकलेला पट्टा हाताच्या जाड भागावर असतो. तो कितीही आवळला तरी ओढ बसल्यावर गोटीवरून घसरत खाली येतो आणि त्याच्याबरोबर हातमोजाही निघतो. अगदी आखूड हातमोज्यांत तर पट्टा पंजाच्या पाठीवरच असतो. तो नुसता शोभेचा.

पट्टा लावा. आता दुसऱ्या हाताने हातमोज्याची चार बोटं टोकाशी एकत्र धरा आणि सरळ, जोर लावून ओढा. लाजू नका, दोन-तीनदा ओढा. नंतर काठ धरून तो बोटांकडे सोलायचा प्रयत्न करा, कारण रस्ता बहुतेक वेळा असाच सोलतो. अंगठ्याच्या मुळापर्यंत आला आणि तिथे अडला तर ठीक. निघून हातात आला तर त्याचं कवच, रंग, सवलत सगळं विसरून तो परत टांगा. पट्टा न लावताही घट्ट बसतो म्हणून पट्टाच नसलेले हातमोजे मिळतात. नव्यात ते छान बसतात, दोन पावसाळ्यांनी सैल पडतात.

वेल्क्रोचा पट्टा निदान दोन बोटं रुंद आणि पुरेसा लांब हवा, म्हणजे लावल्यावर आकड्यांचा भाग पूर्ण मऊ भागावर बसेल. आकड्यांचा एक कोपरा बाहेर राहिला की तो जॅकेटच्या अस्तराला धरतो, आणि रोज थोडा थोडा निकामी होतो. वेल्क्रो मरतो तो बहुधा कचऱ्याने: लोकरीचे तंतू, केस, वाळू. जुन्या दात घासायच्या ब्रशने किंवा सुईने महिन्यातून एकदा आकडे मोकळे करावेत. मऊ भाग झिजला असेल तर चपला शिवणारा पंधरा मिनिटांत नवा तुकडा लावून देतो. त्याला नायलॉनच्या दोऱ्याने शिवायला सांगा, सुती दोरा घामाने आणि दमटपणाने कुजतो. काही महागड्या हातमोज्यांत चकती फिरवून तार आवळण्याची बोआ पद्धत असते. ती मनगटाला सगळीकडून सारखी आवळते, छान वाटते, पण चकतीत तांबडी माती शिरली की धुऊन काढावी लागते.

चामडं भिजलं की ताणतं, ही गोष्ट लक्षात न घेतल्याने पावसाळ्यात बरेच जण फसतात. म्हापशाला निघताना आवळलेला पट्टा पर्वरीच्या चढावर पाऊस लागल्यावर दहा मिनिटांत एक बोट सैल झालेला असतो. कुठे थांबलात तर पुन्हा आवळा.

काठाच्या लांबीवर लोकांचं एकमत होत नाही. युरोपात मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी ईएन १३५९४ हे मानक आहे, त्याची २०१५ची आवृत्ती बहुतेक लेबलांवर दिसते. त्यात दोन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत हातमोजा मनगटाच्या रेषेपुढे निदान १५ मिलिमीटर जायला हवा, दुसरीत ५० मिलिमीटर. तळव्याचं कापड किंवा चामडं घासण्याच्या यंत्रावर पहिल्या पातळीत ४ सेकंद टिकावं लागतं, दुसरीत ८ सेकंद. हे यंत्रावरचे सेकंद आहेत, रस्त्यावरचे नव्हेत, पण दोन हातमोज्यांची तुलना करायला उपयोगी पडतात. हातमोजा निघतो का, याचीही ओढून चाचणी होते. आत शिवलेल्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं, त्याच्याजवळ १ किंवा २ आणि काहींवर ‘केपी’ ही अक्षरं. केपी म्हणजे बोटांच्या सांध्यांवरच्या कवचाची चाचणी झाली. मनगट मागे वळण्याशी त्या अक्षरांचा काही संबंध नाही. म्हणजे लेबल खरं असलं तरी तळव्याची तपासणी आपल्यालाच करावी लागते. आणि नुसतं ‘सीई’, म्हणजे युरोपीय मानकांची खूण, छापलेलं, पण मानकाचा क्रमांक कुठेच नाही, असं लेबल मिरवायला बरं, एवढंच. आपल्याकडे हेल्मेटसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे, हातमोज्यांची सक्ती नाही. त्यामुळे बाजारात येणाऱ्या मालाला कोणी विचारत नाही.

लांब काठाचा, ज्याला गॉन्टलेट म्हणतात तो, मनगटासाठी निःसंशय उजवा. त्यात दोन पट्टे असतात, एक खाचेतला आणि एक काठावरचा. अल्नाच्या गोटीवर स्वतंत्र गादी किंवा कवच असतं. चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावकडे जायचं असेल, करमळ घाटातून काणकोणला जायचं असेल, तर हाच घालावा. जॅकेटची बाही बारीक असेल तर काठ बाहीवरून घ्या. मोठ्या पावसात मात्र तो बाहीच्या आत. वरून घेतला तर बाहीवरून ओघळणारं सगळं पाणी गाळणीसारखं बोटांत साचतं.

पण पायलटाला, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, गॉन्टलेट घालायला सांगणं म्हणजे त्याचा धंदा बंद करणं. पिवळा मडगार्ड लावून पणजीच्या स्टँडवर बसलेला माणूस दिवसातून पंचवीस वेळा गिऱ्हाईक घेतो, पैसे मोजतो, सुटे देतो, फोन उचलतो. दोन पट्टे दर वेळी कोण सोडणार? चार दिवसांत तो हातमोजा डिकीत जाईल आणि तिथेच बुरसेल. अशा माणसाला आखूड काठाचा, पण खाचेत बसणाऱ्या रुंद पट्ट्याचा आणि दोन्ही उंचवट्यांवर स्लायडर असलेला हातमोजा योग्य. स्कूटरवरून कचेरीत जाणाऱ्या बायकांचंही तेच. त्यांच्या हातात आज बहुधा कोपरापर्यंतचे सुती, उन्हासाठीचे हातमोजे असतात. ते ऊन अडवतात. पडल्यावर सुताचा पहिला थर क्षणात जातो, आणि एरवीही ते ब्रेकच्या लिव्हरवर सरकतात. व्यायामशाळेतले अर्ध्या बोटांचे हातमोजे घालणाऱ्यांबद्दल काही न लिहिलेलं बरं. आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेऊन वागातोरला निघालेल्या पाहुण्याला हेल्मेट तरी मिळतं.

माप घ्यायची रीत सोपी आहे. हात सरळ ठेवून, अंगठा सोडून, चार बोटांच्या सांध्यांवरून शिंप्याची टेप फिरवायची. हातमोज्याचा क्रमांक हा ढोबळपणे याच घेराचा इंचातला आकडा असतो. ८ म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, ९ म्हणजे २३ च्या आसपास. कंपनीनुसार अर्ध्या क्रमांकाचा फरक पडतो. घालून मूठ वळा. बोटांच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा चालेल. तळव्यात सुरकुती पडून चामडं गोळा होत असेल तर तो मोठा आहे, आणि मोठ्या हातमोज्यात स्लायडर फिरून बाजूला जातो; म्हणजे पडताना तो मनगटाच्या कडेला असतो आणि टेकतं ते चामडं. मनगटाच्या दृष्टीने सैल हातमोजा घट्ट हातमोज्यापेक्षा वाईट.

मात्र घट्टलाही मर्यादा आहे. मणिबंधाखालून बोटांकडे दोन महत्त्वाच्या नसा जातात. मधली दाबली तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. पट्टा फार आवळला की हे होतं. चंद्राच्या बाजूने जाणारी दाबली तर करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट मुंग्यांनी भरतं. हे जाड किंवा चुकीच्या जागी बसलेल्या स्लायडरमुळे होतं. दोन मिनिटं घालून हे कळत नाही. दुकानातच वीस मिनिटं हातात ठेवा, दुसऱ्याच्या गाडीची का होईना पण मूठ धरून बसा, रेस पूर्ण फिरवून बघा. फिरवताना स्लायडर मुठीच्या कडेला अडत असेल तर रोजच्या वापरात तो हात थकवेल, आणि थकलेला हात ब्रेकवर उशिरा जातो.

मुठीवरून आठवलं: लिव्हरचा कोन. गाडीवर नेहमीसारखं बसून, बोटं क्लचवर ठेवून कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा हवी. शोरूममधून आलेल्या बऱ्याच गाड्यांत लिव्हर आडवा, वर बसवलेला असतो. त्यावर हात ठेवला की मनगट आधीच मागे मोडलेलं असतं. खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की तो झटका अशा मनगटाला पूर्ण लागतो. लिव्हरच्या पकडीचे बोल्ट थोडे सैल करून तो खाली फिरवायचा आणि पुन्हा आवळायचे. दोन पान्यांचं काम. डिस्क ब्रेकच्या बाजूला हे करताना तेलाची टाकी फार तिरकी होत नाही ना, नळीवर ताण येत नाही ना, ते बघा.

आता हवामान. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, घामाचा आहे. बकऱ्याचं चामडं पातळ, चिवट आणि लवचिक असतं, तळव्याला ०.८ ते १ मिलिमीटर जाडी पुरते आणि लिव्हर हाताला जाणवतो. गाईम्हशीचं जाड चामडं घासण्याला जास्त टिकतं पण मेमध्ये ते सोसवत नाही. पाठीवर आणि बोटांच्या बाजूंना जाळी चालेल, तळव्याला आणि करंगळीच्या कडेला चालणार नाही. कृत्रिम स्वेड तळव्याला लावलेले स्वस्त हातमोजे मिळतात. ते वजनाला हलके आणि धुवायला सोपे असतात, पण घर्षणाच्या उष्णतेने कृत्रिम धागा वितळतो. त्यावर चामड्याचा दुसरा थर नसेल तर घेऊ नयेत.

पावसासाठी पडदा असलेले जलरोधक हातमोजे घ्यावेत का? माझं मत: इथे नको. गोव्याचा पाऊस उबदार असतो, भिजलेली बोटं गारठत नाहीत. जलरोधक हातमोजा आतून घामाने भिजतो, वाळायला दोन दिवस घेतो, आणि आतला पडदा बोटांत सरकतो. पाणी शिरून लवकर निघून जाईल असा जाळी-चामड्याचा हातमोजा अधिक कामाचा. डाव्या तर्जनीवर रबराची पट्टी असली तर हेल्मेटची काच पुसायला फार उपयोग होतो.

भिजलेला हातमोजा काढताना बोटांची टोकं एकेक करून धरून सोडवा. ओढून काढला की अस्तर बोटांसकट उलटं बाहेर येतं आणि पुन्हा कधीच नीट आत जात नाही. मग वर्तमानपत्राचे बोळे बोटांत भरून पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. ऊन, इस्त्री, चुलीची ऊब नको. चामडं कडक होतं आणि तळव्याच्या घडीवर चिरतं. घामातलं मीठही तेच करतं, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी ओल्या फडक्याने आणि खोगिराच्या साबणाने पुसून, सावलीत वाळवून, चामड्याचं क्रीम हलकंसं लावावं. घरात खोबरेल तेल हाताशी असतं आणि मोह होतो. ते लावल्यावर दोन दिवस हातमोजा मऊसूत वाटतो, नंतर चामडं ढिलं पडतं, धूळ धरतं आणि खाचेतला पट्टा सैल होतो. श्रावणात बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा आणि मग पुसा.

पडल्यावर हातमोजा तपासायचा तो हात तपासून झाल्यावर. आधी पट्टा सैल करा, सूज चढण्याआधी अंगठ्या, कडं, घड्याळ काढा. मनगट वाकडं दिसत असेल तर हातमोजा ओढू नका, पाठीकडून शिवणीवर कात्रीने कापा. हातमोजा कितीही महागाचा असला तरी. वर्तमानपत्राची जाड गुंडाळी अर्धी वाकवून, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत खालून आधार द्यायचा आणि ओढणीने झोळी करायची. बोटांची टोकं गुलाबी आणि उबदार आहेत का, स्पर्श कळतो का, ते मधूनमधून बघायचं. निळसर किंवा बधिर झाली तर बांधणी सैल करून तातडीने निघायचं. आणि सूज किरकोळ असली तरी तपकिरीच्या खळग्यात बोटाने दाबून बघायचं. तिथे ठणका असेल तर म्हापसा, मडगावच्या इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डॉक्टरला तो खळगाच दाखवा आणि हात टेकून पडल्याचं स्पष्ट सांगा. ‘गाडीवरून पडलो’ एवढ्याने भागत नाही. एक्स-रे साफ आला तरी अशा वेळी सहसा अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, कारण तोवर भेगेच्या कडा विरून ती दिसायला लागते. लवकर नक्की हवं असेल तर एमआरआय. मधल्या दिवसांत दुखायचं कमी झालं म्हणून दुसऱ्या एक्स-रेला न जाणारे पुष्कळ असतात.

हातमोज्याकडे मग वळा. स्लायडरवर ओरखडे असतील तर त्याने काम केलंय. खोल चीर, सुटलेली कड किंवा बसकी गादी असेल तर तो बदलायचा. पडला नसला तरी तीन-चार पावसाळ्यांनी आतला फोम दाबून बघा. दमट उष्णतेत काही फोम भुगा होऊन जातात, बाहेरून काही कळत नाही, आणि हातमोजा झटकला की अस्तरातून पिवळसर पूड पडते.